कॅप्टनची सुट्टी

माझे वडील सैन्यात जनरल होते. ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण सांगितली की समोरचा माणूस उगाच सरळ होऊन बसतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला, 'म्हणजे घरात फार शिस्त असेल ना?' शिस्त होती. पण ती आईची होती. बाबा घरी असायचेच कुठे?

ते घड्याळजीचा मुलगा. आजोबांचं दुकान म्हणजे अरुंद गल्लीतली एक खोली, पुढे काच आणि चारही भिंतींवर दुरुस्तीला आलेली घड्याळं. एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. एकात सकाळ, दुसऱ्यात दुपार, तिसरं कायमचं झोपलेलं. त्या टिकटिकीत बसून बाबांनी अभ्यास केला. सैन्यात का गेलात, असं कुणी विचारलं की ते मोठमोठं काही बोलत नसत. म्हणायचे, "मला अशा ठिकाणी जायचं होतं, जिथे सगळ्यांच्या घड्याळात एकच वेळ असते." लोक हसायचे. मला मात्र ते खरं वाटायचं, कारण आमच्या घरातली सगळी घड्याळं बाबा सुट्टीवर आले की स्वतः लावायचे, अगदी स्वयंपाकघरातलंसुद्धा, आणि आई त्यांची पाठ वळली की ते परत पाच मिनिटं पुढे करायची.

लेफ्टनंट असताना पहिल्याच हिवाळ्यात त्यांना सीमेवरच्या डोंगरात पाठवलं. तिथे उजव्या हाताची दोन बोटं बर्फाने कामातून गेली. तुटली नाहीत, पण अर्धवट वाकून तशीच राहिली. सॅल्यूट करताना ती वाकलेली दिसायची. बाबा पुढे मोठमोठ्या हुद्द्यांवर गेले तेव्हा हाताखालचे तरुण अधिकारी वाकड्या बोटांनी सॅल्यूट करू लागले, साहेबांची ढब म्हणून. बाबांना हे कितीतरी वर्षं कळलंच नाही. कळलं तेव्हा आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या बोटांमुळे त्यांना बुटांच्या लेस सोडता येत नसत. कशाबशा बांधायचे, पण गाठ सोडणं जमायचं नाही. लग्न झालं आणि ते काम आईकडे आलं. कॅप्टन असताना बाबा क्वार्टरमध्ये मागच्या दाराने यायचे, स्वयंपाकघरातून, कारण चिखलाचे बूट पुढच्या खोलीत आईला खपत नसत. दाराशी एक बुटकं स्टूल असायचं. त्यावर बसायचं, पाय पुढे करायचा आणि म्हणायचं, "अगं, लेस." आई हातातलं काम टाकून समोर बसायची आणि गाठ सोडायची. सोडता सोडता दिवसभराचं सगळं बोलून घ्यायची, कारण एकदा बूट निघाले की हा माणूस पेपरात तोंड घालणार हे तिला ठाऊक होतं. कधीकधी ती गाठ मुद्दाम सावकाश सोडायची.

कर्नल झाल्यावर बूट काढायला माणूस आला. बाबा पुढच्या दाराने येऊ लागले. मिशीही त्याच सुमारास आली, जाड आणि टोकाला किंचित वर वळलेली. आई म्हणाली, "आता घरात कोण आलं हे मिशी आत आली की कळतं, मागून तुम्ही येता." मग ब्रिगेडियर, मग जनरल. घरं बदलत गेली. सरोवराकाठचं घर, वाळूच्या वाऱ्यातलं घर, आगगाडीच्या रुळाजवळचं घर, जिथे जेवताना पाण्याचे पेले आपोआप थरथरायचे. आई प्रत्येक घराचे पडदे पुढच्या घराला कापून, जोडून, उसवून लावायची. पायाला भिंगरी लागलेलं बालपण गेलं माझं. म्हणून मोठी झाल्यावर मी शिक्षिका झाले आणि एकाच शाळेत, एकाच वर्गखोलीत गणित शिकवत निवृत्त झाले. त्या खोलीतल्या खिडकीबाहेर एकच झाड होतं आणि ते कधीच बदललं नाही. याचा मला अजूनही आनंद वाटतो.

युद्धाबद्दल विचारलं की बाबा एका खेचराची गोष्ट सांगत. पाठीवर बटाटे लादलेलं ते खेचर पुलावर पाय ठेवायला तयार नव्हतं, आणि मागे सगळी तुकडी खोळंबली होती. गोष्ट तिथेच संपायची. खेचर पुढे गेलं का, कुणीही विचारलं तरी बाबा खिडकीबाहेर बघत बसायचे. बाकी फुशारकी नाही, शौर्याच्या गप्पा नाहीत. हट्ट एकच, खोटा रिपोर्ट द्यायचा नाही. मेजर असताना वरच्या साहेबांना एक टेकडी ताब्यात आल्याचं कळवायची घाई झाली होती. बाबांनी स्वच्छ कळवलं, अजून आलेली नाही. टेकडी दुसऱ्या दिवशी आली. बढती मात्र बरीच वर्षं आली नाही.

सैन्यातल्या घरांची एक रीत आहे. बाहेरच्यांना ती माहीत नसते. मोठा साहेब पाहणीला आला की क्वार्टर्सच्या ओळीतून फिरतो. बायका दाराशी उभ्या राहतात, मुलांचे केस विंचरलेले असतात. साहेब प्रत्येकीसमोर क्षणभर थांबतो आणि विचारतो, "काही अडचण?" आणि प्रत्येकीने म्हणायचं असतं, "नाही सर, सगळं छान आहे." नळाला पाणी नसो, छत गळत असो, पोर तापाने फणफणलेलं असो. अडचण सांगायची नसते. सांगितली तर नवऱ्याला खाली बघावं लागतं. मला हे वाक्य बोलायला येऊ लागल्याबरोबर शिकवलं गेलं. एकदा मी त्या वाक्याला "पण उंदीर आहेत" असं जोडलं होतं, तेव्हा आईने माझ्या दंडाला काढलेला चिमटा अजून आठवतो.

पुढे बाबा स्वतः तो मोठा साहेब झाले. काठी काखेत घेऊन ते ओळीतून फिरायचे, प्रत्येकीला विचारायचे, "काही अडचण?" आणि घरी येऊन समाधानाने सांगायचे, "सगळं छान आहे म्हणाल्या." आई त्यांच्याकडे बघायची आणि चहा ढवळत राहायची. तोंडात मिठाची गुळणी धरावी तशी ती त्या एका विषयावर आयुष्यभर गप्प राहिली.

निवृत्तीनंतर त्यांनी या शांत गावाच्या टोकाला घर बांधलं. पुढे व्हरांडा, मागे स्वयंपाकघराचं दार, आणि आईच्या खोलीला मोठी खिडकी, तिच्यावर सगळ्या घरांचे तुकडे जोडून केलेला एक पडदा. माझी शाळा सुटली तशी मीही त्यांच्याकडे राहायला आले. सकाळी धुकं कुंपणापर्यंत यायचं आणि दहाच्या सुमाराला हळूहळू परत जायचं. इतकं स्वस्थ घर आमच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. आता काही बदलायचं नाही, असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो.

बदल आईत झाला. आधी तिला वस्तू सापडेनात, मग खोल्या. एका सकाळी तिने पडदा सारला आणि म्हणाली, "सरोवर आज किती स्तब्ध आहे." बाहेर शेजाऱ्यांचं कोबीचं शेत होतं. दुसऱ्या दिवशी तिने खिडक्या घट्ट लावून घेतल्या, वाळू आत येते म्हणून. मला राग यायचा, आणि राग आल्याचाही राग यायचा. पण तिच्याजवळ खूप वेळ बसलं की एक गंमत व्हायची. दुपारचं ऊन त्या पडद्यातून गाळून जमिनीवर पडायचं, तिचा आवाज हळू हळू चाललेला असायचा, आणि मलाही वाटायचं की आता आगगाडी जाईल आणि टेबलावरचा पेला थरथरेल. मी चक्क पेल्याकडे बघत बसायचे. आजोबांचं दुकान आमच्या घरात आलं होतं. प्रत्येक खोलीत वेगळी वेळ, आणि बाबांना एकही घड्याळ लावता येईना.

मग ती फिरता फिरता एका घरात पोचली आणि तिथेच थांबली. ते बाबा कॅप्टन असतानाचं घर होतं, डोंगराच्या पायथ्याच्या छावणीतलं, दोन खोल्यांचं. बाबा वरच्या चौकीवर होते, बर्फाने रस्ता बंद होता, आणि आईला दिवस गेले होते. पोटात मी होते. ऐंशीला टेकलेली माझी आई खिडकीशी बसून पोटावर हात ठेवायची, एक छोटा पांढरा स्वेटर विणायची, आणि गाडीचा आवाज येतो का म्हणून कान देत राहायची. मला ती ताई म्हणू लागली. मी शेजारच्या क्वार्टरमधली कुणीतरी भली बाई आहे, अशी तिची समजूत झाली होती. तिच्या पोटात मी, आणि तिच्यापुढे सुपाचं भांडं घेऊन उभीही मीच. याला काय म्हणावं?

आणि बाबा? बाबा काठी टेकत, मिशीसह, तिच्या खोलीच्या दारात आले तेव्हा ती गडबडीने उठली, केस सारखे केले आणि म्हणाली, "या सर. बसा ना." छावणीत मोठा साहेब पाहणीला आला आहे, असं तिने धरलं. तिचं तरी काय चुकलं? दार वाजवून, क्षणभर थांबून, खोलीवरून एक नजर फिरवत आत यायची सवय बाबांची कधी गेलीच नव्हती.

"अगं, मी आहे," बाबा म्हणाले.

"हे वर आहेत सर. चौकीवर. मी एकटीच असते."

बाबांना खोटं जमत नाही, आणि खरं सांगताना ते कधी थांबत नाहीत. त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून आणला. त्यात एक सडपातळ, बिनमिशीचा कॅप्टन डोळे बारीक करून उन्हात उभा होता. "हा मीच. बघ. मी तुझा नवरा आहे." आईने फोटोकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि फोटो हळूच आपल्या बाजूला ओढून घेतला. बाबा गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"ताई, ते म्हातारे साहेब मला म्हणाले की मी तुझा नवरा आहे. इतका मोठा माणूस. तक्रार तरी कुणाकडे करायची? तुम्ही त्यांना एकट्याला आत सोडू नका हं."

मी दाराकडे पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं आणि पलीकडे काठीचं टोक दिसत होतं.

त्या दिवसापासून बाबा त्या खोलीत गेले नाहीत. त्यांनी आपली गादी पुस्तकांच्या खोलीत टाकली आणि दिवसभर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसू लागले. आई खिडकीतून कधी त्यांच्याकडे बघायची आणि पडदा ओढून घ्यायची. जिच्याकडे पोचायचं म्हणून हा माणूस जन्मभर कुठून कुठून घरी येत राहिला, तिनेच त्याला दाराबाहेर ठेवलं होतं. मला दोघांचाही इतका कळवळा यायचा की मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे.

त्यातून आईचं खाणं सुटत चाललं. "हे आले की बसू बरोबर," असं म्हणून ताट बाजूला सारायची. कपडे अंगावर लोंबू लागले. डॉक्टरीणबाई तपासून व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, "औषधाने भूक लागणार नाही त्यांना. त्या वाट बघतायत. त्यांना चुका दाखवू नका, त्या जिथे आहेत तिथे तुम्ही जा."

"म्हणजे मी खोटं बोलू?" बाबा म्हणाले.

"म्हणजे सोबत करा," बाई म्हणाल्या, आणि बॅग उचलून गेल्या.

पुढची दुपार मला स्वप्नात पाहिल्यासारखी आठवते. धुकं त्या दिवशी परत गेलंच नव्हतं. खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं, कोबी नाही, कुंपण नाही, आणि आईला वाटत होतं तसा खरंच बर्फ पडला असावा असा उजेड खोलीत भरला होता. मी तिच्याजवळ लोकर गुंडाळत बसले होते. बाबा दारात येऊन उभे राहिले, उंबऱ्याच्या बाहेर. का आले, त्यांनाही सांगता आलं नसतं. आईने मान वर केली आणि ती उठून उभी राहिली. मग बाबांच्या तोंडून जुन्या सवयीने शब्द निघाले.

"काही अडचण?"

माझ्या ओठांवर उत्तर आपोआप आलं. नाही सर, सगळं छान आहे. हे वाक्य मला आईनेच शिकवलेलं. मी वाट बघत होते, ती आता ते म्हणेल.

"आहे सर," आई म्हणाली.

बाबांची काठी हलली. आईने दोन्ही हातांनी स्वेटर घट्ट धरला होता, पण आवाज कापत नव्हता.

"हे वर आहेत. ते स्वतः कधी मागणार नाहीत, आणि मी मागितलं हे त्यांना कळू देऊ नका, त्यांना खाली बघावं लागेल. पण माझे दिवस भरत आलेत. मी सगळ्यांना सांगते की मी ठीक आहे. मी ठीक नाहीये सर. मला भीती वाटते. रात्री तर फारच वाटते. तुम्ही एवढे मोठे आहात, तुमच्या एका शब्दाने होईल. एकदा पाठवा त्यांना घरी."

किती घरं झाली, किती वर्षं झाली, आणि हे बोलायला तिला अनोळखी जनरल भेटावा लागला. बाबांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी लोकरीच्या गुंड्याकडे बघत राहिले.

मग मी त्यांचा कामावरचा आवाज ऐकला, कित्येक वर्षांनी. "सुट्टी मंजूर," ते म्हणाले. "कॅप्टन उद्या दुपारी पोचतील."

"नक्की?"

"शब्द देतो."

आईने सुटकेचा श्वास सोडला आणि खाली बसली. त्या संध्याकाळी ती अर्धी वाटी सूप प्यायली.

बाबा व्हरांड्यात बसून होते. मी चहा ठेवला. ते मला लहानपणापासून शिपाई म्हणतात. "शिपाई," ते म्हणाले, "त्या हिवाळ्यात खरोखरच एक जनरल आला होता. आधी हेलिकॉप्टरने वर आमच्या चौकीवर आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, घरी सगळं ठीक आहे ना, काही अडचण असेल तर सांग. मी म्हणालो, नाही सर. मग तो खाली छावणीत गेला आणि हिच्यासमोर उभा राहिला. तिनेही तेच सांगितलं. तू तीन महिन्यांची होतीस तेव्हा मी तुला पाहिलं."

"म्हणजे दोघांनी एकाच माणसाला खोटा रिपोर्ट दिलात," मी म्हणाले. मला फटकळपणे बोलायची सवय आहे.

बाबांनी चहाचा कप उचलला, पण प्यायले नाहीत. "हो," ते म्हणाले. "माझा तो पहिला. आणि मी नंतर जन्मभर दारोदार फिरून तसलेच गोळा केले आणि खरे मानले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिशी काढली. न्हाणीघरातून बाहेर आले तेव्हा मी दचकले. वरचा ओठ फिकट, कोवळा, कितीतरी वर्षांत ऊन न पाहिलेला. फोटोतला माणूस त्यात कुठेतरी होता, पण फार खोल. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेतून आम्ही जुने बूट काढले. चामडं लाकडासारखं झालं होतं. मी तेल चोळलं आणि नव्या लेस ओवल्या. त्यांनी त्या स्वतः बांधल्या, दुहेरी गाठ मारून, वाकड्या बोटांनी, बराच वेळ घेऊन.

मी म्हणाले, "आता असेच आतून स्वयंपाकघरात जा आणि दाराशी बसा."

"छे. पोचायचं म्हटलं तर कुठूनतरी यायला हवं," ते म्हणाले. "आतल्या आत जाऊन बसलो तर ते खोटं." आणि पुढच्या फाटकातून बाहेर पडून, सगळ्या गल्लीला वळसा घालून मागे यायचं त्यांनी ठरवलं. या माणसापुढे हात टेकले मी. दुखरा गुडघा, धुकं, आणि पायात ते दगडासारखे बूट.

फाटकाशी ते थांबले. "शिपाई, तिने ओळखलं नाही तर?"

बाबांना घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"जनरलला ती निदान बसा तरी म्हणायची," ते म्हणाले. त्यांनी बोडक्या ओठावरून बोट फिरवलं. "आता जनरलही गेला. तिने या कॅप्टनला ओळखलं नाही, तर या घरात मी कोण म्हणून राहू?" आणि उत्तराची वाट न बघता ते धुक्यात चालू लागले. दहा-पंधरा पावलांनंतर दिसेनासे झाले. फक्त बूट वाजत होते, मग तेही नाही.

मी आईला स्वयंपाकघरात आणून बसवलं. तिने स्वच्छ कपडे घातले होते आणि केस स्वतः विंचरले होते. बुटकं स्टूल दाराशी ठेवलं होतं. तेही घरामागून घर आमच्याबरोबर आलं होतं, भाजी निवडायला वापरायचो आम्ही. दार सताड उघडं, बाहेर पांढरं. केटलीतलं पाणी हळूहळू बोलू लागलं. मी दोनदा दाराशी जाऊन आले. आई मात्र अगदी शांत होती. साहेबांनी शब्द दिला होता ना.

बूट वाजले. मागचं फाटक करकरलं. धुक्यातून आधी नुसती आकृती आली, जराशी लंगडत, आणि दारात येऊन उभी राहिली. आई बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली. तिच्या नजरेला सुरकुत्या दिसत होत्या, पांढरे केस दिसत होते, हे मला कळत होतं. हा कोण म्हातारा, असं ती आता विचारणार. मी ओट्याची कड धरली. शब्द देणारा माणूस, आणि शब्दच सापडेना.

मग ते खाली बसले, दाराच्या चौकटीला धरून, कण्हत. त्यांनी उजवा पाय पुढे केला.

"अगं," ते म्हणाले. "लेस."

आईची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून बुटावर उतरली. कपाळावरची आठी तशीच होती. पण ती उठली. मी आधार द्यायला पुढे झाले तर तिने माझा हात बाजूला केला. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, ज्या गुडघ्यांमुळे तिला कित्येक वर्षांत खाली बसता आलं नव्हतं त्याच गुडघ्यांवर, आणि तिची बोटं गाठीवर गेली. बोटांना काही विचारावं लागलं नाही. गाठ जरा सैल झाली तशी ती बोलू लागली.

"किती घट्ट बांधता हो. शंभरदा सांगितलं." मग खाली बघतच म्हणाली, "केवढे दमलात. केस बघा काय झालेत बर्फाने."

"हो," बाबा म्हणाले.

"साहेबांनी पाठवलं ना? मला वाटलं नव्हतं, ऐकतील म्हणून. भले आहेत हो ते." ती गाठ सावकाश सोडत होती, अगदी सावकाश. "दिवसभर एकटेच व्हरांड्यात बसलेले असतात. मी बघते ना खिडकीतून. एवढा मोठा माणूस, पण घरी वाट बघणारं कुणी नसावं. उद्या त्यांना चहाला बोलवा. आणि तुम्ही पुढे मोठे झालात तर तसे होऊ नका."

बाबांनी तिच्या केसांवर हात ठेवला, तो वाकड्या बोटांचा.

"नाही होणार," ते म्हणाले.

दुसऱ्या बुटाची गाठ सुटेपर्यंत तिने त्यांना सगळं सांगितलं. छत गळतं ते, उंदीर आहेत ते, रात्री भीती वाटते ते. बाबा ऐकत होते आणि एकेका गोष्टीला हो म्हणत होते. मग तिने त्यांचा हात आपल्या पोटावर ठेवला आणि माझ्याकडे वळून हसली. इतक्या आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "ताई, चहा टाका ना जरा. आणि ताटं घ्या दोघांची. बघा, वेळेवर आले हे."

मी चहा टाकला. माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना, आणि मला ते थांबवायचंही नव्हतं. माझा जन्म व्हायच्या आधी माझे वडील घरी पोचले होते.